तीन कार्डं, आणि आधी कोणतं?

माझ्याकडे तीन क्रेडिट कार्डांची थकबाकी होती. एकावर १८,०००, दुसऱ्यावर ९२,०००, तिसऱ्यावरचे ४०,००० आधीच वर्षाला १६ टक्क्यांच्या ईएमआयवर टाकलेले. मन म्हणत होतं, आधी १८ हजारांचं मिटव, एका कार्डवाल्यांचे तरी फोन बंद होतील.

एका रविवारी स्टेटमेंटं घेऊन बसलो. मोठ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.७५ टक्के. ऐकायला किरकोळ, पण वर्षाचे ४५ होतात! ९२,००० वर महिन्याचं व्याज ३,४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६२१, म्हणजे ४,०७१. मी इमानदारीत भरत होतो ती किमान रक्कम ४,६००. जेमतेम ५२९ रुपये मुद्दलातून जात होते. वर त्याच कार्डावर किराणा चालू. थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं.

बँकेत ५०,००० ची एफडी होती, ७ टक्क्यांची. ‘अडीनडीला’ म्हणून ठेवलेली. बायको म्हणाली, “अहो, ही अडीनडी नाही तर काय?” मोडली. सगळी मोठ्या कार्डावर भरली, व्याज निम्म्याहून खाली आलं. लहान कार्डाची किमान रक्कम ऑटो-डेबिटला लावली, ईएमआयला हात लावला नाही. किराणा यूपीआयवर आणला.

मोठं कार्ड पाच महिन्यांत शून्यावर आलं. लहान कार्डवाल्यांचे फोन मात्र तोवर येतच राहिले.