घरासाठी व्हॅन घेताना: कागदावर आधी, शोरूममध्ये नंतर

आमच्याकडे गाडीचा विषय निघाला की आधी आईचे गुडघे येतात, मग आंब्याच्या पेट्या, आणि मायलेज सगळ्यात शेवटी. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हीच तऱ्हा. पूर्वी अशा घरांचं काम ओम्नीवर भागायचं. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. २०१० पासून मारुतीचीच ईको आहे. आज नवी घरगुती व्हॅन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते, म्हणून पुढचं सगळं तिच्या अनुषंगाने लिहितोय.

आधी एक महिना वहीत लिहा

गाडीत रोज कोण बसलं, काय भरलं, कुठल्या रस्त्याने गेलात, एवढंच लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा कळलं की आठवड्यातले पाच दिवस गाडीत दोनतीन माणसंच असतात. सहाच्या वर माणसं महिन्यातून एखाद्या वेळी, पण पोती आणि पेट्या मात्र सारख्या. वही लिहिली नसती तर आम्ही "जास्तीत जास्त सीटा" म्हणून गाडी घेतली असती आणि पेट्या ठेवायला जागा उरली नसती. कारण तिसरी रांग भरली की सामानाला जागा जवळजवळ संपते. माणसं जास्त की सामान जास्त, हे आधी ठरवा. बाकीचे निर्णय त्याच्या मागून येतात.

शोरूममध्ये घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस न्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोक नेमकी हीच गाळतात. सेल्समनला आईचे गुडघे दिसत नाहीत.

व्हॅनचा तळ जमिनीपासून उंच असतो. छोट्या कारमध्ये आई आधी सीटवर टेकते, मग पाय आत घेते, आणि उतरताना खोल खड्ड्यातून वर यावं तसं तिला स्वतःला उचलावं लागतं. व्हॅनमध्ये उलटं होतं. चढताना एक पाय उंच टाकावा लागतो, तिथे त्रास. पण एकदा आत गेली की सीट खुर्चीसारखी उंच, उतरताना कुणी हात द्यायला लागत नाही. आम्ही सरकत्या दारापाशी एक लाकडी पाट ठेवलाय. आई तो पायाखाली घेते, पुढच्या सीटची पाठ धरते आणि आत जाते. पाट न ठेवता आणि ठेवून, दोन्ही प्रकारे शोरूममध्येच चढवून-उतरवून बघा. सरकतं दार घरातल्या लहान मुलांना आणि आजीला एका हाताने उघडतं का, तेही बघा. अरुंद गल्लीत, भिंतीला खेटून गाडी लावली तरी दार पूर्ण उघडतं, हा रोजचा फार मोठा फायदा आहे. फक्त दार लावताना मुलांची बोटं कुठे आहेत हे बघायची सवय लावून घ्या.

तिसऱ्या रांगेत घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पंधरा मिनिटं बसवा. दोन मिनिटांत सगळंच बरं वाटतं.

टेस्ट ड्राइव्ह भरल्या गाडीची घ्या

ईकोचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे. गॅरेजवाला सीट उचलतो तेव्हा खालून तापलेल्या ऑइलचा वास येतो, आणि मे महिन्यात लांबच्या प्रवासात ती ऊब मांडीला जाणवते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सकाळी घेऊ नका, दुपारी घ्या. एसी कुठल्या प्रकारात आहे ते नीट विचारा आणि मागच्या सीटवर बसून गारवा पोचतो का ते तपासा.

गाडी मागच्या चाकांवर चालते. माणसं आणि सामान भरलं की चढाला ती जोमाने ओढते. पण रिकामी असताना मागे वजन नसतं, त्यामुळे पावसात ओल्या जांभ्यावरच्या चढाला चाकं फिरू शकतात. रुंदी सुमारे १,४७५ मिलीमीटर आणि उंची १,८२५ मिलीमीटर, म्हणजे अंगाने अरुंद आणि उभी. वाडीतल्या वळणांना हे वरदान आहे, पण मोकळ्या हायवेवर बाजूने वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं.

पेट्रोल की सीएनजी

कंपनीचे आकडे पेट्रोलला लिटरमागे १९.७१ आणि सीएनजीला किलोमागे २६.७८ किलोमीटर. प्रत्यक्षात कमीच धरा. सीएनजीची टाकी मागे बसते, म्हणजे पेट्यांची जागा जाते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तिची मजबुती तपासणं, दर तीन वर्षांनी करावी लागते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं. रांगेत अर्धा तास थांबून मग आईला पुन्हा उतरवायचं-चढवायचं, हे आम्हाला झेपणारं नव्हतं. आम्ही पेट्रोल घेतली.

सुरक्षिततेबद्दल मन घट्ट करून वाचा

२०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम कडक झाले, आणि २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या. तरी पुढे लांब बॉनेट नसलेली ही गाडी आहे, हे विसरू नका. तुमच्या वहीत निम्म्याहून जास्त फेऱ्या हायवेच्या असतील तर मी व्हॅन घ्या म्हणणार नाही. त्यापेक्षा रेनॉच्या ट्रायबरसारखी गाडी बघा. तिला २०२१ मध्ये याच संस्थेकडून मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळालेत आणि तिसरी रांग काढून ठेवता येते. व्हॅन घेतलीच तर मागच्या रांगेतल्यांनीही पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

सेकंडहँड असेल तर

माझी पहिली व्हॅन एका मध्यस्थाकडून घेतली होती. रंग चकचकीत होता, म्हणून भुललो. पहिल्या पावसात पायाखालची मॅट ओली झाली. उचलली, तर खाली पत्रा कुरतडल्यासारखा गंजलेला. गाडी आधी किनाऱ्यावर मासळी वाहायची, हे नंतर कळलं. तेव्हापासून मी आधी मॅट उचलतो, मग दाराचे रूळ बोटाने चाचपतो, आणि शेवटी रंगाकडे बघतो.

आरसी बुकात गाडी खाजगी आहे की व्यावसायिक, ते वाचा. पिवळी नंबरप्लेट असेल तर ती खाजगी करून घ्यायला आरटीओत स्वतंत्र प्रक्रिया असते. ते काम विकणाऱ्याने पूर्ण करून दिल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. सीएनजी असेल तर ती आरसीवर नोंदवलेली आहे का आणि हायड्रो टेस्टची तारीख संपली नाही ना, हे बघा. मग सरकतं दार दहा वेळा उघडा-लावा. सहाव्या-सातव्या वेळी अडकलं, तर रूळ झिजलेत. किंमत त्या हिशेबाने बोला.