शेजारच्या कुत्र्याने आपल्या कुत्रीला गाठलं, आता काय?

तुम्ही पोहोचलात तेव्हा दोघं शेपटीला शेपूट लावून अडकलेले असतील, तर हातातली पाण्याची बादली आधी खाली ठेवा. नराच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ असते. ती मादीच्या योनीत गेल्यावर फुगते आणि मादीचे स्नायू तिच्याभोवती आवळले जातात. सूज उतरल्याशिवाय जोडी सुटत नाही. बहुधा ५ ते ३० मिनिटं लागतात, क्वचित तासभरही. ओढाताण केली, काठी मारली, गार पाणी ओतलं तर बिथरलेली जनावरं एकमेकांना फरफटवतात, मादीची योनी फाटू शकते आणि नराच्या लिंगाला इजा होऊन रक्तस्राव होतो. बरं, एवढं करून गर्भ टळतो असंही नाही. शुक्राणू असलेलं वीर्य सुरुवातीलाच आत गेलेलं असतं, अडकल्यावर बराच वेळ जे जात राहतं तो मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीचा पातळ द्राव असतो.

म्हणून एकाने मादीचा पट्टा धरावा, दुसऱ्याने नराचा. मादी खाली बसू किंवा लोळू पाहते. ती लहान चणीची असेल तर पोटाखाली हात देऊन तिला उभी ठेवा. एरवी गरीब असणारी कुत्रीही या वेळी वळून चावते, त्यामुळे तोंडाजवळ चेहरा नेऊ नका. बाकीची कुत्री आणि बघायला जमलेली पोरं लांब घालवा. सुटल्यावर नराचं लिंग कोषात परत गेलं का ते पाहा. अर्ध्या तासात गेलं नाही, कोरडं पडून निळसर दिसू लागलं, तर त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यायला हवं. वाटेत गार पाण्याने ओलं केलेलं स्वच्छ फडकं लावा आणि त्याला चाटू देऊ नका.

मादीच्या अंगावर, विशेषतः मानेवर आणि कमरेवर, चावल्याच्या खुणा शोधा. नर अनोळखी असेल किंवा त्याच्या रेबीजच्या लशीचा पुरावा नसेल, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. सोडवताना माणसाला दात लागला असेल तर त्यालाही हेच लागू. योनी धुऊन किंवा पिचकारी मारून मात्र काहीही साधत नाही. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात, वर जंतुसंसर्गाचा धोका तेवढा वाढतो.

त्याच दिवशी काय लिहून ठेवायचं

तारीख आणि वेळ. रक्तस्राव कोणत्या दिवशी सुरू झाला होता. किती वेळ अडकले होते, किंवा अडकलेच नव्हते. न अडकताही गर्भ राहतो, म्हणून ‘नुसतं चढला होता’ यावर निश्चिंत होऊ नका. पुढचा प्रत्येक निर्णय या तारखेवरून मोजला जाणार आहे. महिन्याभराने आठवून सांगितलेली तारीख सहसा चार-पाच दिवसांनी चुकते, आणि इथे चार-पाच दिवसांनी फरक पडतो.

नंतर मादीला घरात कोंडा, आणि हे मनापासून करा. पुष्कळांना वाटतं, व्हायचं ते झालं, आता काय राखायचं. पण माजाचा काळ साधारण तीन आठवडे असतो आणि त्यातले पुढचे काही दिवस ती आणखी नर घेऊ शकते. एकाच वेतात दोन-तीन वेगवेगळ्या बापांची पिल्लं जन्मतात ती यामुळेच. रक्त थांबून फिकट, पिवळसर स्राव येऊ लागला म्हणजे माज संपला हा समज तर नेमका उलटा आहे. रक्ताचा रंग फिका पडतो आणि योनी मऊ पडते तेच दिवस बहुतेकदा गर्भ राहण्याचे असतात. शी-शूला पट्ट्यावरच न्या. कुत्रीसाठी मिळणारी चड्डी फरशी स्वच्छ ठेवते, नर अडवत नाही. जाळीच्या कुंपणातूनही मेटिंग होतं.

गर्भ राहिलाच असेल का?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे खात्रीने सांगणारी कोणतीही चाचणी नाही. माणसांची मूत्रचाचणी कुत्रीवर चालत नाही, कारण ती जे संप्रेरक (हार्मोन) शोधते ते कुत्रीच्या शरीरात तयारच होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर योनीतल्या पेशींचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा नमुना, घेऊ शकतात. त्यावरून ती माजाच्या कोणत्या टप्प्यात होती ते कळतं. कधी त्यात शुक्राणू सापडतात. सापडले तर मेटिंग पक्कं, न सापडले तर काहीच सिद्ध होत नाही. जोडीला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं तर बीजांडं सुटली आहेत की सुटायची आहेत याचा अंदाज येतो. माज कधीच उलटून गेला होता असं दोन्हींतून दिसलं, तर काळजी बरीच हलकी होते.

कुत्रीचं बीजांड सुटतं तेव्हा कच्चं असतं. ते पक्व व्हायला दोनेक दिवस लागतात, आणि शुक्राणू तिच्या शरीरात आठवडाभर तग धरू शकतात. त्यामुळे मेटिंगचा दिवस आणि गर्भधारणेचा दिवस यांत सहज आठवड्याचं अंतर पडतं. २५व्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही तर आठवड्याने पुन्हा करा, पहिल्याच निकालावर सुस्कारा सोडू नका. ३०व्या दिवसाच्या सुमारास रिलॅक्सिन या गरोदरपणातल्या संप्रेरकाची रक्तचाचणीही करता येते. एक्स-रेमध्ये हाडं साधारण ४५व्या दिवसापासून दिसतात, आणि पिल्लं मोजायची असतील तर ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे बरा. आचळं सुजणं, दूध येणं, खेळणी कुशीत घेऊन बसणं यांवर जाऊ नका. खोट्या गरोदरपणातही हे सगळं होतं.

पिल्लं नको असतील तर

पुढे कधीच वीण घ्यायची नसेल, तर गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाच आमच्या मते सरळ मार्ग. आताचा प्रश्न सुटतो, पुढचे माज आणि गर्भाशयात पू होण्याचा धोकाही संपतो. ऐन माजात मात्र तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. म्हणून बरेच डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबून तीन-चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया करतात. गर्भ असला तरी तेव्हा तो लहान असतो. जितका उशीर कराल तितकं गर्भाशय जड होतं आणि शस्त्रक्रिया अवघड. शस्त्रक्रियेनंतर प्रोजेस्टेरॉन एकदम घसरल्याने काही कुत्र्यांना थोडे दिवस दूध येतं. आचळं पिळू नका; हात लावला की दूध वाढतं.

पुढे वीण घ्यायची असेल तर अ‍ॅग्लेप्रिस्टोन हे औषध आहे. ते प्रोजेस्टेरॉनचा मार्ग अडवतं, आणि त्या संप्रेरकाशिवाय कुत्रीचा गर्भ टिकत नाही. मेटिंगनंतर ४५ दिवसांपर्यंत ते देता येतं. किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेने, २४ तासांच्या अंतराने कातडीखाली दोन इंजेक्शनं, तीही डॉक्टरच्याच हातून. पहिल्या तीन आठवड्यांत दिलं तर ते जवळपास नेहमी लागू पडतं आणि बाहेर फारसं काही दिसत नाही. उशिरा दिलं तर खरोखर गर्भपात होतो, स्राव दिसतो, कुत्री दोन-चार दिवस मलूल राहते, आणि फसण्याचं प्रमाणही वाढतं. दुसरं इंजेक्शन चुकवू नका. टोचलेल्या जागी दुखतं, म्हणून मालक दुसऱ्या दिवशी टाळाटाळ करतात, आणि मग अर्धवट उपचारानंतर पिल्लं पोटात तशीच राहतात. नंतर सोनोग्राफी करून गर्भाशय रिकामं असल्याची खात्री करा.

हे औषध सगळीकडे मिळत नाही. तिथे गर्भ दिसल्यानंतर, म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, प्रोस्टाग्लँडिन आणि कॅबर्गोलीन ही दोन औषधं मिळून काही दिवस देतात. उपाय चालतो, पण धाप लागणं, लाळ गळणं, उलट्या, जुलाब होतात, त्यामुळे कुत्रीला दवाखान्यातच नजरेखाली ठेवावं लागतं.

इस्ट्रोजेनचं जुनं ‘एक इंजेक्शन आणि काम फत्ते’ कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने अस्थिमज्जा निकामी होऊ शकते, रक्तपेशी बनणं थांबतं, आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. माणसांच्या गर्भनिरोधक किंवा गर्भपाताच्या गोळ्या घरच्या घरी देणं तर निव्वळ जीवाशी खेळ.

पिल्लं होऊ द्यायची असतील तर

आधी मादीकडे पाहा, मग पिल्लांच्या गोंडसपणाकडे. पहिल्याच माजातली, अजून वाढ पूर्ण न झालेली कुत्री, पहिलटकरीण म्हातारी कुत्री, आधी सिझेरियन झालेली, किंवा सख्ख्या भावाकडून गाभण राहिलेली असेल तर आमचा सल्ला नको असाच आहे. मोठ्या नराची पिल्लं लहान मादीत अडकतीलच असं नाही, पण एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि धोका वाढतो.

एका मेटिंगपासून मोजलं तर ५७ ते ७२ दिवसांत कधीही व्यायची वेळ येऊ शकते. पहिले पाच आठवडे आहार नेहमीचा. त्यानंतर पिल्लांसाठीचं खाद्य, हळूहळू वाढवत, दुप्पट नव्हे, तर साधारण सव्वापट ते दीडपट, थोडं थोडं करून अनेक वेळा. कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतून ते काढायची सवय सोडतं, आणि दूध उतरल्यावर कुत्रीला झटके येतात. जंताचं औषध आणि लसी यांचं वेळापत्रक डॉक्टरला विचारून ठरवा.

शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा गुदद्वारातून तापमान घ्या. ते ३७.२ अंश सेल्सिअसखाली उतरलं की बहुधा २४ तासांत कळा येतात. अर्धा तास जोराने कुंथूनही पिल्लू येत नाही, आत पिल्लं आहेत आणि आधीच्या पिल्लानंतर दोन तास उलटले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव आला, तर वाट पाहू नका, निघा.

शेजाऱ्याशी बोलणं

त्याच दिवशी बोला, पण भांडणाने सुरुवात करू नका. तुम्हाला त्याच्याकडून माहिती हवी आहे. नराचं वय, लसी, आधी कुठे मेटिंग झालंय का, लिंगातून रक्त गळतं का. कुत्र्यांत मेटिंगमधून पसरणारी एक गाठ असते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत ती बरीच आढळते. माज संपून कित्येक आठवडे झाले तरी मादीच्या योनीतून रक्ताचे थेंब पडत असतील तर तिचा संशय घ्या. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या, आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते. ब्रुसेलोसिस हा मेटिंगमधूनच पसरणारा दुसरा, जिवाणूंचा आजार माणसालाही होऊ शकतो. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी खोटी निर्धोक येते, म्हणून ती काही आठवड्यांनी करायची. गर्भपात झाला तर स्राव उघड्या हाताने पुसू नका, हातमोजे घाला.

उपचाराचा खर्च कोण आणि किती उचलणार, पिल्लं झाली तर ती आठ आठवड्यांपर्यंत कोण सांभाळणार, नंतर कोणाला द्यायची, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. कागद अविश्वासाचा वाटतो खरा, पण सिझेरियन रात्री दोन वाजता करावं लागलं की तोंडी ठरलेलं कोणालाच नीट आठवत नाही. नराची नसबंदी ठरली तर तिचा लगेच उपयोग नाही हे दोघांनीही लक्षात ठेवायचं. नळ्यांत उरलेल्या शुक्राणूंमुळे तो आणखी चार ते सहा आठवडे बाप होऊ शकतो.

पुढचे दोन महिने मादीवर नजर ठेवा. जास्त पाणी पिणं, जेवण सोडणं, योनीतून पू किंवा दुर्गंधी, फुगलेलं पोट, उलट्या यांतलं काहीही दिसलं तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू बाहेर न येता आत साठला तर ते जास्त वाईट. आणि अ‍ॅग्लेप्रिस्टोन दिलं असेल तर पुढचा माज नेहमीपेक्षा एक ते तीन महिने आधी येऊ शकतो, तेव्हा कुंपणाची जाळी त्याआधीच दुरुस्त झालेली असू द्या. खालची कड जमिनीत गाडा, कारण नर उडी मारण्याइतकाच उकरूनही येतो.