चालू ॲपमध्ये नवं फीचर चढवण्याआधी

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं ॲप आहे, रोजच्या वापरात आहे, आणि आता त्यात ‘थोडे पैसे आज, उरलेले नंतर’ अशी सोय द्यायची आहे, असं धरून चालू. कोड नंतर लिहा, आधी शोधाशोध करा. बिल भरलं की नाही हे आजवर हो-नाहीच्या एका कॉलममध्ये होतं. तो कॉलम कोण कोण वाचतं? स्क्रीनवरचा कोड लगेच सापडतो. निसटतो तो रात्री चालणारा रिमाइंडरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), पावतीची पीडीएफ, अकाउंटंट दर महिन्याला उतरवून घेतो ती एक्सेल. आमचा क्रॉनच निसटला होता. अर्धे पैसे भरलेल्यांना सकाळी सातला पूर्ण थकबाकीचा मेसेज गेला आणि एका काकांनी पावतीचा फोटो ग्रुपवर टाकून विचारलं, ‘माझे साडेतीन हजार गेले कुठे?’ तेव्हापासून ही यादी मी कागदावर करतो, प्रत्येक जागेपुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव घालून.

मग डेटाबेस. जुना कॉलम काढू नका, त्याचा अर्थही बदलू नका. शेजारी ‘भरलेली रक्कम’ असा नवा कॉलम घाला, काही दिवस दोन्हीकडे लिहा, जुन्या नोंदी हजार-हजारच्या तुकड्यांत भरून घ्या, ताळा जमला की मगच वाचणारा कोड नव्यावर वळवा. जुना काढायचा तो सगळ्यात शेवटी, वेगळ्या डिप्लॉयमध्ये, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवण्याच्या वेगळ्या खेपेत. पोस्टग्रेस या डेटाबेसची ११वी आवृत्ती (२०१८) आल्यापासून ठरावीक डिफॉल्ट (आपोआप भरली जाणारी किंमत) असलेला कॉलम घालताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. क्षणभर का होईना, टेबलावर पूर्ण लॉक लागतोच, म्हणजे तेवढा वेळ दुसरं कुणी ते वाचू-लिहू शकत नाही. त्याच वेळी कुणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर तुमचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला हा बदल) त्याच्यामागे थांबतं आणि बाकीच्या सगळ्या क्वेरी मायग्रेशनच्या मागे. बाहेरून दिसतं ते ‘ॲप बंद’. म्हणून लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा ठेवा, नाही जमलं तर थोड्या वेळाने पुन्हा. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घालायचा तर कन्करंटली, म्हणजे टेबलात लिहिणं न थांबवता घाला.

पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) ‘पैसे आले’ ही एकच सूचना दोनदा पाठवू शकतो. पूर्ण भरण्यात ते खपून जायचं, कारण ‘भरलं’ दोनदा लिहिलं तरी ‘भरलं’च. आता रक्कम दोनदा मिळवली जाईल. व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारं, हवंच.

फीचर फ्लॅगमागे (कोड न बदलता ते चालू-बंद करणाऱ्या खटक्यामागे) ठेवा, आणि फ्लॅगला नवं नाव द्या. १ ऑगस्ट २०१२ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने जुना, पडून असलेला फ्लॅग नव्या कामाला लावला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता. तिथे त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं झोपलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. म्हणून डिप्लॉयनंतर प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती डोळ्यांनी बघा.

दिवस निवडताना बिलं निघतात ते पहिले दहा दिवस टाळा. शुक्रवार संध्याकाळ तर सांगायलाच नको. बॅकअप आहे एवढं पुरत नाही, तो दुसरीकडे रिस्टोअर करून किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. कोड मागे घेतला तरी अर्धवट भरलेली बिलं मागे जात नाहीत, त्यामुळे जुन्या कोडला ती कशी दिसतील हे स्टेजिंगवर (ॲपच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) आधीच बघायला हवं. लोकांचे टॅब दिवसेंदिवस उघडे असतात; जुन्या पानावरून आलेली विनंतीही नव्या सर्व्हरला कळली पाहिजे.

सुरुवात एकाच सोसायटीपासून करा, खजिनदार फोन उचलणारे असतील अशा. आणि फ्लॅग कधी काढायचा ती तारीख आजच तिकिटात टाका. आमच्याकडे ‘तात्पुरता’ नावाचा एक फ्लॅग चार वर्षं झाली तरी आहे, आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.