अपग्रेडनंतर ‘कमांड नॉट फाउंड’? इन्स्टॉल करण्याआधी हे बघा

आमच्या कॉलेजच्या लॅबमधली डेबियनची (ही लिनक्सची एक आवृत्ती) मशिन्स मी सांभाळते. अपग्रेड झालं की मुलांची हाक ठरलेली: “मॅडम, कमांड्स गेल्या!” बहुतेक वेळा त्या जागेवरच असतात. म्हणून कळकळीने सांगते, हा मेसेज दिसला की घाईने काही इन्स्टॉल करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. (कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

आधी मेसेज नीट वाचा. ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे पाथमध्ये (कमांड्स कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीत) नोंदलेले फोल्डर शेलने (टाइप केलेल्या कमांड्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) धुंडाळले, पण त्या नावाचं काही मिळालं नाही. त्याऐवजी कमांडच्या पूर्ण पत्त्यासह ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं, तर बॅशने (डेबियनच्या नेहमीच्या शेलने) जुना पत्ता लक्षात ठेवलाय आणि फाइल हललीये. ‘हॅश’, स्पेस, ‘मायनस आर’ मारा, किंवा टर्मिनल बंद करून नवं उघडा.

सगळ्यात जास्त घोळ रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरचा, होतो. रूट होण्यासाठी ‘एसयू’ मारलं, पासवर्ड दिला, डॉलरच्या जागी हॅशचं चिन्ह आलं, आणि तरी नवा यूजर बनवणारी ‘यूजरअ‍ॅड’ सापडत नाही! अशा वेळी ‘एको’ लिहून पुढे डॉलरचं चिन्ह आणि मोठ्या अक्षरांत पाथ असं टाइप करा. कोलनने जोडलेली फोल्डरांची यादी येते. त्यात ‘/यूएसआर/गेम्स’ दिसेल, पण ‘/यूएसआर/एसबिन’ नसेल, आणि ‘यूजरअ‍ॅड’ राहते नेमकी तिथे. 2019 मध्ये आलेल्या डेबियन 10 पासून नुसतं ‘एसयू’ तुमचा साध्या यूजरचाच पाथ पुढे चालवतं. ‘एक्झिट’ करा आणि ‘एसयू’, स्पेस, ‘मायनस’ असं मारून परत आत या. मग रूटचा स्वतःचा पाथ मिळतो. एवढ्या एका मायनससाठी लोक पॅकेजेस काढून परत टाकत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पायथन’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कमांडची गोष्ट वेगळी. पायथन 2 चा सपोर्ट 2020 च्या सुरुवातीला संपला. आता कमांड ‘पायथन3’. जुन्या स्क्रिप्टना नुसतं ‘पायथन’च हवं असेल तर ‘पायथन-इज-पायथन3’ नावाचं पॅकेज आहे. पण ते टाकण्याआधी स्क्रिप्ट उघडून बघा. ‘प्रिंट’पुढे कंस नसेल तर ती पायथन 2 ची आहे, कमांड सापडली तरी ती चालणार नाही. नेटवर्कची माहिती दाखवणारी ‘आयएफकॉन्फिग’ नसेल तर ‘आयपी ए’ वापरा, काम तेच होतं.

फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’सुद्धा सापडत नसेल तर पाथच पुसला गेलाय. घाबरू नका, ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण पत्ता दिला की चालतं. मग होम फोल्डरमधली ‘.बॅशआरसी’ (टर्मिनल उघडताना बॅश वाचतं ती फाइल) उघडा. पाथ बदलणाऱ्या ओळीत, बरोबरच्या चिन्हानंतर, जुना पाथ डॉलरसकट पुन्हा आलाच पाहिजे. तो नसेल तर जोडा.

आणि अपग्रेडच्या वेळी ‘कॉन्फिग फाइल नवी घ्यायची की तुमची ठेवायची?’ असं विचारल्यावर नवी घेतली असेल, तर तुम्ही भर घातलेल्या ओळी तिच्यात नसणार. जुनी फाइल शेजारीच ‘.डीपीकेजी-ओल्ड’ या शेपटीसह ठेवलेली असते. दोन्ही फाइल्स फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ने ताडून बघा आणि फक्त आपल्या ओळी नव्या फाइलमध्ये आणा. जुनी फाइल अख्खी परत बसवू नका, नव्या आवृत्तीने केलेले बदल त्यात नसतात.