घरच्या घरी वॉटर-कूल्ड गेमिंग कॉम्प्युटर कसा जोडावा

ही पद्धत पहिल्यांदाच कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग जोडून पाणी फिरवणारा बंद मार्ग, जोडणाऱ्यांसाठी आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये, एक पंप, दोन रेडिएटर आणि मऊ नळी. कडक नळ्या देखण्या दिसतात यात वाद नाही. पण त्या वाकवायला हीट गन लागते, आत घालायला सिलिकॉनची दोरी लागते, हात बसेपर्यंत बरीच नळी वाया जाते आणि पुढे एखादा भाग बदलला की सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात. त्यातली पीईटीजी (एक प्रकारचं प्लास्टिक) तर पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की मऊ पडू लागते. पंप बंद पडला तर ती फिटिंगमधून, म्हणजे नळी धरणाऱ्या जोडातून, निसटू शकते. पहिला लूप मऊ नळीचाच करावा.

खरेदीआधीचा हिशोब

आधी वॉट मोजा. गेम चालू असताना प्रोसेसर साधारण १०० ते १५० वॉट घेतो, वरच्या श्रेणीचं ग्राफिक्स कार्ड ३०० ते ४५० वॉट. ही सगळी उष्णता रेडिएटरमधूनच, म्हणजे पंखे लावलेल्या पाणी गार करणाऱ्या जाळीतूनच, बाहेर पडायची आहे. १२० मिमीच्या प्रत्येक पंख्यामागे १०० वॉट धरले तर पंखे शांत फिरतात. म्हणजे ५०० वॉटला ३६० मिमीचा एक आणि २४० मिमीचा एक रेडिएटर. रेडिएटरची जाडी ३० मिमी आणि पंख्याची २५ मिमी, असे ५५ मिमी कॅबिनेटच्या छतापासून खाली मोकळे हवेत. तिथे रॅम किंवा मदरबोर्डचा हीटसिंक आडवा येतो का, हे पट्टी लावून पाहा.

सर्वात महागात पडते ती धातूंची सरमिसळ. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात. त्यात ॲल्युमिनियमचा एकही भाग आला की पाण्यातून दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. त्याचा गाळ ब्लॉकच्या (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा) बारीक खाचांत बसतो आणि शेवटी रेडिएटरलाच छिद्र पडतं. स्वस्त रेडिएटर आणि कारखान्यातूनच पाणी भरून येणाऱ्या तयार बंद कूलरमधले रेडिएटर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे असतात, त्यामुळे जुन्या कूलरचा रेडिएटर इथे वापरू नका.

फिटिंगचे आटे जवळपास सगळीकडे जी १/४ या ठरलेल्या मापाचे असतात, पण नळीचं माप फिटिंगशी तंतोतंत जुळायला हवं. १०/१६ म्हणजे आतला व्यास १० मिमी आणि बाहेरचा १६. १०/१३ ची फिटिंग तिला चालत नाही. पंपासह टाकी, दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटर अशा पाच भागांना दहा फिटिंग लागतात, बारा घ्या. सोबत ९० अंशांचे तीन-चार कोन, एक टी-जोड, एक बॉल व्हॉल्व्ह (उघड-बंद करायची तोटी), ३ मीटर नळी आणि २ लिटर तयार कूलंट, म्हणजे लूपमध्ये भरायचं पाणी. लूपमध्ये साधारण लिटरभर मावतं, उरलेलं भर घालायला ठेवा. दुधाळ, अपारदर्शक रंगांचं कूलंट टाळाच, त्यातले कण कालांतराने खाली बसतात. साधं पारदर्शक घ्या.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक चिपच्या नावावर घेऊ नका. एकाच चिपच्या वेगवेगळ्या कार्डांचे सर्किट बोर्ड वेगळे असतात, तेव्हा ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या कार्डाचं नेमकं मॉडेल शोधा. आणि कार्ड उघडण्याआधी ते मूळ पंख्यांवर काही दिवस नीट चालवून पाहा. कार्ड मुळातच सदोष असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं. ब्लॉक बसवल्यावर वॉरंटी टिकते का, तेही आधीच वाचून घ्या.

जोडणी

नव्या रेडिएटरमध्ये डाख लावतानाचा फ्लक्स आणि धातूचे कण राहिलेले असतात. तो कोमट डिस्टिल्ड पाण्याने अर्धा भरा, तोंडं बंद करा, दोन मिनिटं हलवा आणि पाणी पांढऱ्या कापडातून गाळा. कापडावर काही दिसेनासं होईपर्यंत हे करत राहा. ही पायरी गाळली तर तोच कचरा ब्लॉकमध्ये अडकतो.

कार्डाचा मूळ हीटसिंक काढताना पंख्यांच्या छोट्या तारांना झटका बसणार नाही असं बघा. थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉकमधली उष्णता वाहणारी मऊ पट्टी) जाडी ब्लॉकसोबतच्या कागदावर लिहिलेली असते. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा पॅड लावला तर मेमरी चिपवर ब्लॉक टेकतो, पण मुख्य चिपवर अधांतरी राहतो. स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. मग एकदा ब्लॉक उचलून मुख्य चिपवरची थर्मल पेस्ट सगळीकडे पसरली आहे का ते पाहा आणि नवी पेस्ट लावून पुन्हा बसवा. हा वेळ वाया जात नाही. प्रोसेसरच्या ब्लॉकला पाणी कुठून आत शिरतं ते ठरलेलं असतं, त्यावरची खूण पाळा. तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

भागांचा क्रम कसाही चालतो, फक्त टाकीतून पाणी थेट पंपात उतरलं पाहिजे. मिनिटाला ३ लिटर प्रवाह असेल तर ४०० वॉटचं कार्ड ओलांडताना पाणी जेमतेम २ अंश तापतं. म्हणून दोन ब्लॉकच्या मधे रेडिएटर आणण्यासाठी नळ्या गुंतवू नका, सर्वात कमी लांबीचा मार्ग घ्या. लूप रिकामा करता यावा म्हणून टी-जोड आणि व्हॉल्व्ह सर्वात खालच्या ठिकाणी ठेवा.

नळी काटकोनात कापा. तिरकी कापलेली नळी फिटिंगच्या बुडाशी बसत नाही आणि तिथेच पाझर सुरू होतो. टोक कोमट पाण्यात धरलं की ते सहज चढतं. फिटिंग हातानेच घट्ट करा. पाणी अडवते ती ओ-रिंग, म्हणजे आतली रबरी कडी. पाना लावला तर ॲक्रिलिकला तडा जातो.

गळतीची चाचणी आणि पाणी भरणं

हवेचा टेस्टर असेल तर ०.३ ते ०.५ बार दाब भरून अर्धा तास ठेवा. काटा हलला नाही तरच पुढे जा. हलला तर एकेक भाग वेगळा बंद करून दोषी जोड शोधा.

भरताना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वीजतारा काढून ठेवा. पॉवर सप्लायवर फक्त पंप हवा. पॉवर सप्लाय सुरू करायला २४ पिनच्या कनेक्टरवर तयार जंपर लावा. तो नसेल तर १६ क्रमांकाची हिरवी तार शेजारच्या १७ क्रमांकाच्या काळ्या तारेशी जोडा. हे करताना मागचं बटण बंद हवं. सगळ्या तारा काळ्या असतील तर जंपरच वापरा.

प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. टाकी कूलंटने भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, पाणी खाली गेलं की बंद करून पुन्हा भरा. पंप कोरडा कधीही फिरू देऊ नका. त्याच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं. टाकीची पातळी स्थिरावली की कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवत बुडबुडे बाहेर काढा. मग पंप २४ तास चालू ठेवा. कागद ओला दिसला तर पंप थांबवा, तो जोड सोडून ओ-रिंग तपासा. बोर्डावर थेंब पडला असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत वीज देऊ नका.

पहिली सुरुवात

डी५ जातीचा पंप २० वॉटहून जास्त खेचू शकतो, तर मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरची (पंख्याची तार लावायच्या पिना) मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट असते. म्हणून वीज पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स कनेक्टरवरून द्या आणि हेडरला फक्त वेगाच्या तारा जोडा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग स्थिर ठेवा. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर ठरवा. प्रोसेसरचं तापमान क्षणात वर-खाली होतं आणि पंखे उगाच ओरडतात. पाणी हळूहळू तापतं. त्यासाठी लूपमध्ये जी १/४ आट्यांचा सेन्सर बसवा.

गेम अर्धा तास चालल्यावर पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंश गरम असावं. पाणी गार असताना प्रोसेसर एका सेकंदात ९० वर गेला तर ब्लॉक नीट टेकलेला नाही. पाणीच ४५ च्या वर चाललं तर रेडिएटर अपुरा आहे किंवा पंखे मंद आहेत. दोन्ही चिप गरम आणि रेडिएटर गार असेल तर प्रवाह थांबला आहे, लगेच बंद करा.

पहिल्या आठवड्यात टाकीची पातळी थोडी उतरते, कारण अडकलेली हवा वर येत राहते. तेवढी भर घाला. त्यानंतर कूलंट वर्ष-दोन वर्षांनी बदला. रिकामं करताना आधी टाकीचं झाकण सैल करा आणि मगच खालचा व्हॉल्व्ह उघडा, नाहीतर पाणी नळ्यांतच अडकून राहतं.