खुरपं घेताना वाजवून बघा

सहा वर्षांपूर्वी गच्चीवर पहिली वांगी लावली, तेव्हा मी अवजारांचा एक तयार संच मागवला होता. सात नग, हिरव्या मुठी, सोबत कापडी पिशवी. जुलैत एका कुंडीतली माती घट्ट बसली म्हणून त्यातली छोटी थापी खुपसून जरा जोर दिला, तर पातं आणि दांडी जिथं जोडली होती तिथंच ती वाकली. हातानं सरळ केली, परत वाकली. तिसऱ्यांदा तुटली. दिवाळीपर्यंत त्या सातांतली फक्त फवाऱ्याची बाटली वापरात राहिली होती.

मी मूळची सासवडकडची. आमच्या वाटाण्याच्या रानात आई ज्या खुरप्यानं खुरपायची, ते माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. पातं झिजून दोन बोटं उरलं, मूठ दोनदा बदलली, पण कामातून गेलं नाही. संच मोडल्यावर मी ते खुरपं घेऊन सासवडच्या बाजारात भाता लावून बसलेल्या एका लोहारमामांकडं गेले आणि म्हटलं, असंच एक करून द्या, जरा लहान. त्यांनी समोरच्या ढिगातली दोन खुरपी उचलली, एकेक मुठीनं सैल धरली आणि पात्यावर हातोडीची टिचकी मारली. एक थप्प वाजलं, दुसरं टण्ण.

"ताई, ह्ये पत्र्याचं. ह्ये पाट्याचं. रंग काय बघताय, वाजवून बघा की."

पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा, चाकांवर धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगचा, जुना पाटा. कमानीच्या पोलादात कार्बन पुरेसा असतो, त्यामुळं ते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. नुसतं तेवढंच केलं तर काचेसारखं ठिसूळ राहतं, म्हणून परत हलका ताव देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. याला पाणी देणं म्हणतात. साध्या पत्र्यात कार्बन कमी, त्याला कितीही पाणी द्या, तो मऊच राहतो. म्हणून पत्र्याच्या खुरप्याला धार लागते खरी, पण दोन कुंड्या झाल्या की जाते. आवाजानं समाधान झालं नाही तर दुकानदाराला विचारून पात्याच्या कडेवर कानस एकदा हलकी फिरवा. मऊ लोखंडात ती लगेच चावते आणि चुरा पडतो. कडक पात्यावरून ती बरीचशी घसरते.

आता मूठ. मोडतं ते बहुतेक वेळा पातं नसतं, सांधा असतो. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे ते विचारा, आणि दुकानदार सांगेल त्यापेक्षा स्वतः बघा. आरपार जाऊन मागच्या टोकाला ठोकून वळवलेली असेल तर डोळे मिटून विकत घ्या. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं हवं, नाहीतर लाकूड तिथून फाटतं. लाकूड बाभळीचं मिळालं तर उत्तम, ते धक्का सोसतं. रेषा मुठीच्या लांबीनं सरळ धावणाऱ्या हव्यात, आडव्या असतील किंवा मध्ये गाठ असेल तर ती मूठ तिथंच चिरणार. रंगवलेली मूठ मी घेत नाही, रंगाखाली गाठ आहे की लांबी (पुट्टी) भरली आहे ते दिसत नाही. प्लॅस्टिकची मूठ उन्हात ठेवली की दोन-तीन उन्हाळ्यांत भुरभुरते आणि ती बदलताही येत नाही. लाकडी मूठ कुठलाही सुतार बदलून देतो. मी अवजार घेताना हाच प्रश्न आधी विचारते: मोडलं तर दुरुस्त कोण करील? उत्तर नसेल तर परत ठेवते.

खुरपं हातात धरून दुकानातच खाली बसा. लाज वाटू देऊ नका. मनगट सरळ ठेवून पातं जमिनीला जवळजवळ सपाट टेकलं पाहिजे. मनगट वाकवावं लागत असेल तर अर्ध्या तासानं ते दुखणारच. मूठ धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळापर्यंत येतील इतपत जाड हवी. कुंड्यांसाठी चार-पाच सेंटीमीटर रुंद पातं पुरतं, जमिनीतल्या वाफ्याला सात-आठ. मी लोहारमामांना पावणेदोनशे रुपये दिले, आणि तेच खुरपं आज मेथीच्या वाफ्यापासून कुंडी उपसण्यापर्यंत सगळं करतं.

पुण्यात एवढं लांब जायची गरज नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत एकेक दुकान फिरलं की ठोकून घडवलेली आणि पत्र्यातून कापलेली अवजारं शेजारी शेजारी दिसतात. रविवारी किंवा बुधवारी सवड असेल तर जुन्या बाजारात चक्कर टाका. तिथं मूठ नसलेली, गंजलेली पाती मिळतात. वरवरचा गंज घासून जातो, पण कडेला खोल खड्डे पडले असतील तर सोडून द्या. मला तिथं एक जाड, छान वाजणारी कुदळ दांड्याशिवाय मिळाली, आमच्या कोपऱ्यावरच्या सुतारानं पाचर मारून दांडा बसवून दिला.

अर्थात कुदळ सगळ्यांना लागत नाही. गच्चीवर आणि बाल्कनीत कुदळ, टिकाव, दाताळं यांतलं काहीही नको. दहा बाय बाराचा तरी मातीचा तुकडा असेल तरच घ्या, आणि फावड्याचा दांडा छातीपर्यंत येईल एवढा लांब मागून घ्या. बाजारात मिळतात ते आखूड दांडे कंबर मोडतात. आपल्याकडची काळी माती पावसात पायाला आणि पात्याला चिकटते, ती ओली असताना खणूच नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होऊ द्या.

छाटणीच्या कात्रीवर मात्र पैसे खर्च करा. रोपवाटिकेतले लोक जिला सिकेटर म्हणतात ती. तिचे दोन प्रकार असतात. एकात पातं साध्या कात्रीसारखं दुसऱ्याच्या बाजूनं निसटून जातं, दुसऱ्यात ते खालच्या सपाट ठोकळ्यावर आदळतं. भाजीच्या झाडांची देठं हिरवी आणि रसाळ, ठोकळ्यावर ती चेंगरतात आणि चेंगरलेली जागा सडते. म्हणून पहिला प्रकार. मधला जोड रिबीटचा नको, नट-बोल्टचा हवा, म्हणजे पातं काढून धार लावता येते. दुकानात साधा कागद कापून बघा, टोकापर्यंत स्वच्छ कापला गेला पाहिजे. आणि एक कळकळीची विनंती: मिरची-टोमॅटोवर मोझॅक (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा विषाणूचा रोग) आला असेल तर त्या झाडाला लावलेली कात्री साबणानं घासून धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. माझ्या चार चांगल्या मिरच्या अशाच गेल्या.

झारी पाच लिटरची घ्या. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, ते रोज सकाळी हातात धरून फिरायचं आहे. चाळणी काढून धुता येणारी हवी, कारण टाकीतला गाळ भोकांत बसतोच. कोथिंबिरीचं बी टाकलेल्या वाफ्यावर चाळणीची भोकं आकाशाकडं करून धरा. पाणी वर जाऊन हलकं खाली पडतं आणि बी वाहून जात नाही. मी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची झारी वापरते. प्लॅस्टिकची एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर राहिली की तडकते, वापरायची तर सावलीत ठेवा.

गावाला जावं लागतं म्हणून अनेक जण ठिबकचा संच घेतात. घ्यायच्या आधी टाकीची उंची मोजा. टाकी कुंड्यांच्या दोन मीटर वर असेल तर दाब मिळतो जेमतेम 0.2 बार. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे महागडे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत, त्यांना साधारण अर्धा ते एक बार लागतो. आपल्याला 16 मिलिमीटरची नळी, साधे ड्रिपर किंवा बारीक मायक्रोट्यूब, आणि सुरुवातीला जाळीचा फिल्टर एवढं पुरतं. नळीचं शेवटचं टोक उघडता येईल असं ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून गाळ वाहू द्या. फिल्टर नसेल तर चार महिन्यांत अर्धे ड्रिपर बंद पडतील.

खतासाठी वेगळी चाळण शोधत बसू नका, गवंडी वाळूला वापरतात ती घ्या. माती उचलायलाही गवंड्याचीच छोटी थापी उत्तम, ती सिमेंटसाठी केलेली असते, मातीला सहज पुरते. एक लोखंडी घमेलं आणि सुतळीचा गुंडा. मातीचा ओलावा, सामू (पीएच) आणि उजेड तिन्ही दाखवणारी ती काट्याची पट्टी नको. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं आहे की नाही ते कळतं.

धार वर्षातून चार वेळा लावते. कानस एकाच दिशेनं, पुढं ढकलत, ज्या बाजूला उतार आहे त्याच बाजूनं. शेवटी दुसऱ्या बाजूनं एकदा अलगद, म्हणजे कडेवर उलटून आलेली बारीक कूस निघते. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याकडं दिलंत तर शेजारी पाण्याचं भांडं ठेवा आणि पातं मध्ये मध्ये बुडवायला सांगा. कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलाद मऊ पडलं, मग तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकत नाही.

मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, सगळी अवजारं घासून, पुसून वर्तमानपत्रावर मांडते. पात्यांना आणि मुठींना जवसाचं कच्चं तेल लावते. खोबरेलही चालेल, पण ते पुण्याच्या थंडीत थिजतं आणि मुठीवर थरही धरत नाही. जवसाचं तेल हवेनं सुकून लाकडात मुरतं. गाडीचं जुनं ऑइल मात्र लावू नका, पात्यावरून ते थेट आपल्या भाजीच्या मातीत जातं. तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा पेटू शकतो. मी त्या दोरीवर एकेक पसरून वाळवते आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात देते.