एका सेलपायी वाजणारा अलार्म

इंदूरला रामबागेत आमच्या घरी सोलरवर चार्ज होणारी १६ सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. ऊन चढलं की हाय व्होल्टेजचा अलार्म वाजायचा. अलार्मची मर्यादा मात्र वाढवू नका, ती सेलच्या जिवासाठी असते.

आधी बीएमएसच्या (बॅटरीतल्या प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) ॲपमध्ये एकेक सेल बघा. माझे पंधरा ३.४४ व्होल्टवर, नववा एकटा ३.६२ वर! बेरीज ५५.२, म्हणजे वरवर सगळं ठीकच.

इन्व्हर्टरचं चार्जिंग व्होल्टेज ५८.४ वरून ५४.४ वर आणलं, फ्लोट (बॅटरी भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) ५३.६, आणि बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, सेल ३.४० व्होल्टला पोचल्यापासून. बॅलन्सिंगचा करंट अगदी बारीक असतो, बरेच दिवस लागतात, धीर धरा. सेलमधला फरक ०.०२ वर आला, तेव्हाच मी चार्जिंग व्होल्टेज ५५.२ केलं.

फरक हटेना, तर सप्लाय बंद करून त्या सेलचे नट तपासा.